ओसाका : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, खाण्याच्या वाटेने

जपानची पहिली सहल आखताना बहुतेक जण टोकियो आणि क्योटोला भरपूर दिवस देतात आणि ओसाकाच्या वाट्याला जेमतेम एक संध्याकाळ येते. त्या संध्याकाळी दोतोन्बोरीच्या कालव्याकाठी फोटो काढायचे, काहीतरी तळलेले खायचे आणि शेवटच्या गाडीने परतायचे, एवढ्यावर हे शहर आटोपते. देवळे आणि बागा मोजायच्या ठरवल्या तर ओसाका क्योटोपुढे फिके पडते, हे मान्यच करावे लागेल. पण एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, देशभरचा तांदूळ जिथल्या गोदामांत उतरत असे आणि ज्याला ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हटले जाई, त्या व्यापारी शहराची ओळख त्याच्या बाजारांतून आणि खाऊगल्ल्यांतूनच होते. म्हणून पुढील आखणीत जेवणाच्या वेळा आधी ठरवल्या आहेत आणि प्रेक्षणीय स्थळे त्यांच्या भोवती बसवली आहेत. तीन पूर्ण दिवस हाताशी असावेत. चौथा मिळाला तर शहराबाहेर जाता येईल.

निघण्यापूर्वी

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हा चेरीच्या बहराचा काळ, तर नोव्हेंबर हा पानांचा रंग पालटण्याचा. दोन्ही वेळा हवा उत्तम असते आणि हॉटेलांचे दर त्याच प्रमाणात चढलेले असतात. जूनमध्ये तिथलाही पावसाळा सुरू होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपर्यंत जाऊन घामाच्या धारा लागतात, त्यामुळे लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ते दोन महिने टाळावेत. एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पितरांच्या सणाच्या सुमारास आणि नववर्षाच्या दिवसांत जपानी लोक स्वतःच सुट्टीवर निघालेले असतात. त्या काळात आयत्या वेळी खोली मिळण्याची आशा धरू नये.

तिथला विजेचा दाब १०० व्होल्ट असून प्लगला दोन चपट्या पिना असतात. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे साधा ॲडॅप्टर पुरतो. मात्र हॉटेलच्या खोलीत खिचडी शिजवण्यासाठी घरची इलेक्ट्रिक किटली किंवा छोटा कुकर नेण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा. २३० व्होल्टची उपकरणे तिथे नीट तापत नाहीत आणि खोलीत स्वयंपाक करणे हॉटेलांना चालतही नाही. चिवडा, लाडू, खाकरे खुशाल न्यावेत, पण ताजी फळे, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ सामानात ठेवू नयेत, कारण विमानतळावर त्यांची कसून तपासणी होते.

कार्डाने पैसे देणे आता जवळपास सर्वत्र चालते. तरीही छोट्या उपाहारगृहांत, देवळांत आणि जत्रेतल्या टपऱ्यांवर रोख येनच लागतात. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएममधून परदेशी कार्डावर येन काढता येतात.

विमानतळावरून शहरात

कान्साई आंतरराष्ट्रीय विमानतळ ओसाकाच्या उपसागरात भराव टाकून तयार केलेल्या बेटावर आहे. तो १९९४ मध्ये सुरू झाला. तिथून शहरात येण्यासाठी दोन रेल्वे कंपन्या आहेत आणि नवखा माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो इथेच. हॉटेल दक्षिण भागात, म्हणजे नाम्बाजवळ असेल तर नानकाई रेल्वेची विमानतळ एक्सप्रेस घ्यावी. ती पाऊण तासात नाम्बाला पोहोचवते आणि तिचे भाडे हजार येनच्या आसपास आहे. राखीव आसनांची ‘रापितो’ गाडी थोडी लवकर पोहोचते, पण तिला जास्तीचे तिकीट लागते. हॉटेल उमेदा भागात असेल तर जेआर कंपनीची गाडी सोयीची पडते, कारण ती थेट ओसाका स्थानकात येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने नाम्बाच्या परिसरात उतरावे, असे माझे मत आहे. रात्री जेवण करून पायी परतता येते, ही सोय साधी वाटली तरी थकल्यावर तिचे मोल कळते.

विमानतळावरच ‘इकोका’ नावाचे कार्ड विकत घ्यावे. ते २,००० येनला मिळते. त्यातले ५०० येन अनामत असते आणि उरलेले प्रवासासाठी वापरता येतात. मेट्रो, जेआर, खासगी रेल्वे, ट्राम, बस, इतकेच काय कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातली पाण्याची बाटलीसुद्धा या कार्डावर मिळते. आयफोन असेल तर हेच कार्ड फोनमध्ये घेता येते. भारतात विकले जाणारे अँड्रॉइड फोन सहसा त्यासाठी चालत नाहीत. दिवसभर मेट्रोने बरेच फिरायचे असेल तर ‘एन्जॉय इको’ हा दिवसाचा पास पाहावा. तो आठवड्याच्या दिवशी ८२० येनला आणि शनिवार-रविवारी व सुट्टीच्या दिवशी ६२० येनला मिळतो. तो जेआरच्या गाड्यांत चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

शहराचा नकाशा दोन शब्दांत मावतो. उत्तरेकडचा ‘किता’ म्हणजे उमेदाचा परिसर, उंच इमारतींचा आणि मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरांचा. दक्षिणेकडचा ‘मिनामी’ म्हणजे नाम्बा, शिनसाईबाशी आणि दोतोन्बोरी, खाण्यापिण्याचा आणि नाटकांचा. या दोहोंना जोडणारी लाल रंगाची मिदोसुजी मेट्रो १९३३ पासून धावते आहे आणि पहिल्या भेटीत निम्म्याहून अधिक प्रवास तिच्यातूनच होतो. तिच्या प्रत्येक गाडीत आठवड्याच्या दिवशी एक डबा महिलांसाठी राखीव असतो. फलाटावर त्याची गुलाबी खूण असते. खरी कसोटी उमेदाच्या स्थानकात लागते. जेआर त्याला ओसाका म्हणते, दोन खासगी कंपन्यांची स्थानके ओसाका-उमेदा या नावाने आहेत आणि मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा व निशी-उमेदा अशी तीन वेगळी स्थानके आहेत. हे सगळे जमिनीखालच्या बाजारपेठांनी एकमेकांना जोडलेले आहे. तिथे मोबाइलचा नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. वर लटकणाऱ्या फलकांवरील मार्गाचा रंग आणि बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक, या दोनच गोष्टींवर विसंबावे. वाट चुकलीच तर सरळ जिन्याने रस्त्यावर यावे.

चव कुठून येते, आणि शाकाहारी माणसाने काय करावे

ओसाकात कालवे, कालव्यांवर पूल आणि पुलांपाशी व्यापारी पेढ्या, अशी एदो काळातली रचना होती. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून ‘कितामाएबुने’ नावाची शिडाची व्यापारी जहाजे पश्चिम किनाऱ्याने वळसा घालून इथे येत आणि त्यांतून कोम्बू हे वाळवलेले समुद्री शेवाळ भाऱ्यांनी उतरत असे. तेव्हापासून इथल्या स्वयंपाकाचा पाया कोम्बूच्या अर्कावर आहे. या अर्काला, म्हणजे दाशीला, ओसाकात फिक्या रंगाच्या सोया सॉसची जोड मिळते, म्हणून इथल्या उदोनचा, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचा, रस्सा इतका पातळ दिसतो की वाडग्याचा तळ दिसावा. टोकियोचा रस्सा मात्र काळपट असतो. हा भेद जपानी लोक इतका गांभीर्याने घेतात की ‘दोन्बेइ’ नावाचे झटपट उदोनचे पाकीट पूर्व आणि पश्चिम जपानसाठी वेगवेगळ्या चवीचे निघते. गोड मुरवलेला तळलेला तोफू घातलेला ‘कित्सुने उदोन’ हा याच शहराचा पदार्थ, आणि पहिल्या सकाळी खाण्यासाठी याहून सौम्य काही नाही.

अडचण अशी की या दाशीत कोम्बूबरोबर कात्सुओबुशीही असते. म्हणजे वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा टणक केलेल्या बोनिटो माशाचा पातळ कीस. ताटात मासा दिसत नाही, पण रश्शात, चटणीत, आमलेटात, उकडलेल्या भाजीत, एवढेच काय ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्याच्या पिठातही तो असतो. ‘मी मांस खात नाही’ असे सांगितल्यावर वेटर मान डोलावतो आणि मनापासून भाजीचा म्हणून जो पदार्थ आणतो, त्यात माशाचा रस्सा असतोच. यात फसवणूक नाही, त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. तेव्हा जाण्यापूर्वी घरीच ठरवावे, की माशाचा तुकडा नको पण रस्सा चालेल, की रस्साही नको.

रस्सा चालत असेल तर उदोन, थंड सोबा नूडल्स आणि भाज्यांचे तेम्पुरा, म्हणजे भजी, यांवर आनंदाने दिवस निघतात. रस्साही नको असेल तर ‘निकू मो, साकाना मो, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन’ हे वाक्य जपानी लिपीत लिहून घेतलेले कार्ड खिशात ठेवावे. मांस, मासा आणि माशाची दाशी यांपैकी काहीच खात नाही, असा त्याचा अर्थ. अंडे आणि दूध यांबद्दलही त्यातच लिहावे. कोन्बिनीत मीठ लावलेली साधी ओनिगिरी (भाताचा गोळा), भाजलेले रताळे, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), फळे, दही आणि सुका मेवा मिळतो. पाकिटावरच्या मजकुरावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचता येते, पण ॲलर्जीच्या चौकटीवर भरवसा ठेवू नये: त्या चौकटीत अंडे, दूध, गहू, कोळंबी अशा मोजक्या गोष्टी लिहिणे बंधनकारक आहे, मासा नाही. घटकांची पूर्ण यादीच वाचावी. शहरात भारतीय आणि नेपाळी मंडळींची उपाहारगृहे पुष्कळ आहेत आणि नानवर पोट भरण्याची सोय कुठेही होते. जैन कुटुंबांनी एक दिवस कोबेला जावे; ओसाकाहून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या त्या बंदरात भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि कितानो भागात १९८५ मध्ये बांधलेले संगमरवरी जैन मंदिर आहे.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. ओसाकात ‘निकू’ असे नुसते लिहिलेले असेल तर ते बहुतेक वेळा गाईचे मांस असते. ‘निकू उदोन’ म्हणजे गोमांसाचे उदोन. डुकराच्या मांसाला इथे ‘बुता’ असे स्पष्ट म्हणतात. शिवाय कुशिकात्सु, म्हणजे काडीला टोचलेले जिन्नस, तळण्यासाठी अनेक जुन्या दुकानांत गाईची चरबी वापरतात, त्यामुळे काडीवर कांदा किंवा कमळकाकडी असली तरी कढईतले तेल विचारून घ्यावे.

पहिला दिवस : मिनामी

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने पहिल्या सकाळी लवकर उठणे जमत नाही. त्याची खंत करू नये. दहाच्या सुमारास कुरोमोन बाजारात जावे. सुमारे ५८० मीटर लांबीच्या या छताखालच्या बाजारातून शहरातले आचारी पूर्वापार मासळी आणि भाजी घेत आले आहेत. अलीकडे मात्र अनेक गाळे पर्यटकांकडे पाहून मांडलेले दिसतात आणि काडीवर भाजलेल्या खेकड्याच्या तंगडीचे भाव ऐकून भूक मरते. बाजार पाहावा, लोणच्यांची आणि सोयाबीनच्या दुधाची दुकाने चाखावीत, बाकी पोट रिकामे ठेवावे. तिथून चालत दोगुयासुजी या भांडी-गल्लीत जावे. ताकोयाकी या ऑक्टोपसच्या गोळ्यांचे तवे, नूडल्स गाळायच्या चाळण्या, दुकानांवर लावायचे कापडी पडदे आणि काचेच्या कपाटात मांडायचे प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ, असे उपाहारगृह थाटायला लागणारे सगळे सामान तिथे मिळते. भेटवस्तू घ्यायच्या असतील तर विमानतळापेक्षा इथेच घ्याव्यात.

दुपारच्या जेवणाला ओकोनोमियाकी. बारीक चिरलेला भरपूर कोबी, कणीक, अंडे आणि आवडीचे जिन्नस एकत्र कालवून टेबलातल्याच लोखंडी तव्यावर ते भाजतात; हिरोशिमात मात्र थर रचून करतात, कालवत नाहीत. बहुतेक ठिकाणी वाढपी स्वतः भाजून देतो. तो उलथताना मध्येच कालथ्याने दाबण्याचा मोह आवरावा, कारण दाबले की त्यातला हलकेपणा जातो. छोट्या कालथ्याने चौकोनी तुकडे पाडून तव्यावरूनच खायची पद्धत आहे.

दुपारी निप्पोनबाशीच्या राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृहात खेळ असेल तर तो चुकवू नये. हे नाट्यगृह १९८४ मध्ये उभे राहिले आणि बुनराकु ही बाहुल्यांच्या नाट्याची कला ओसाकातच वाढली. एकेका मुख्य बाहुलीला तिघे जण मिळून हलवतात, बाजूला बसलेला एकच निवेदक सर्व पात्रांचे आवाज काढतो आणि शामिसेन या तंतुवाद्याची साथ चालू असते. पूर्ण खेळ चार-चार तास चालतो. नवख्याने एकाच अंकाचे स्वस्त तिकीट मागावे. खेळ वर्षभर सलग नसतात, म्हणून तारखा आधी पाहाव्यात.

अंधार पडता पडता होझेन्जी गल्लीत शिरावे. दगडी फरशीच्या या अरुंद गल्लीत फुदो म्यो-ओ, म्हणजे आपल्या बौद्ध परंपरेतला अचल, याची मूर्ती आहे. येणारा जाणारा तिच्यावर पळीने पाणी घालतो आणि त्या ओलीने सबंध मूर्ती हिरव्या शेवाळाने झाकली गेली आहे. गल्लीच्या टोकाशी दोतोन्बोरी. १६१५ मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्याकाठी एकेकाळी नाट्यगृहांची रांग होती. आता पाट्यांवरचा हलणारा खेकडा आणि ग्लिको या मिठाई कंपनीचा हात उंचावून धावणारा धावपटू लोकांना खेचतात. त्या धावपटूची पहिली पाटी १९३५ मध्ये लागली आणि आजची २०१४ मधली सहावी आहे.

इथे ताकोयाकी खावी. लोखंडी तव्याला आपल्या आप्पेपात्रासारखे खळगे असतात, फक्त ते अधिक खोल आणि डझनांनी. कारागीर आधी सगळा तवा पातळ पिठाने अक्षरशः भरून टाकतो, खळग्यांच्या कडांवरून पीठ ओसंडते. मग ऑक्टोपसचे तुकडे, लाल आले, पातीचा कांदा आणि तळलेल्या पिठाचे कण भुरभुरतो. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने तो दोन टोकदार सळ्यांनी ओसंडलेले पीठ कापून खळग्यात ढकलत गोळा अर्धा फिरवतो, पुन्हा फिरवतो, आणि पाहता पाहता सपाट चिखलातून गोल गोळे तयार होतात. कमी लांबीची रांग शोधण्यापेक्षा तवा सतत हलता आहे असे दुकान शोधावे. तयार गोळे बाजूला साठवून ठेवणाऱ्या दुकानात ते वातड मिळतात. पुठ्ठ्याच्या नावेत सहा किंवा आठ गोळे मिळतात. वरून खरपूस दिसणारा गोळा आत लाव्हारसासारखा उकळता असतो. आधी काडीने फोडून वाफ जाऊ द्यावी.

दोतोन्बोरीत बसून पूर्ण जेवण करू नये. भाडे, गर्दी आणि पाटी यांचे पैसे बिलात असतात. तोच पदार्थ दोन गल्ल्या पलीकडे, किंवा पुढे सांगितलेल्या तेन्मामध्ये, कमी पैशांत आणि शांतपणे मिळतो.

रांग, कचरा आणि बाकीच्या रीती

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. समोरच्याचे पाहून उभे राहावे. कचराकुंडी सहसा कुठेच नसते, म्हणून पिशवी बाळगावी. ताकोयाकीची नाव जिथे घेतली त्या दुकानालाच परत द्यावी. घेतलेला पदार्थ दुकानासमोर उभे राहून संपवावा, चालत चालत खाऊ नये. जानेवारी २०२५ पासून संपूर्ण शहरात रस्त्यावर धूम्रपानास बंदी आहे आणि दंड होतो. टीप देऊ नये; वाढप्याचे तुमच्यामागे धावत येऊन पैसे परत करण्याचे श्रम वाचतात. अनेक छोट्या उपाहारगृहांत दाराशीच तिकिटाचे यंत्र असते: आधी पैसे टाकायचे, चित्राचे बटण दाबायचे आणि चिठ्ठी आचाऱ्याला द्यायची. संध्याकाळच्या मद्यगृहात न मागता एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तीनशे-चारशे येन तिचे लागतात. ती तिथली बसण्याची आकारणी समजावी आणि वाद घालू नये. निघताना ‘ओकीनी’ म्हणावे. हा ओसाकाचा धन्यवाद ऐकून काउंटरमागची मावशी हमखास हसते, कारण परदेशी माणसाकडून तिला पाठ्यपुस्तकी ‘आरिगातो’चीच अपेक्षा असते.

दुसरा दिवस : किल्ला ते तेन्मा

किल्ल्यावर सकाळी नऊला पोहोचावे. जपान एकत्र आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशी या सरदाराने १५८३ मध्ये तो बांधायला घेतला. १६१५ च्या वेढ्यात तो प्रतिस्पर्धी तोकुगावा घराण्याच्या हाती पडला. त्यांनी हिदेयोशीचे तट मातीखाली गाडून त्यावर नवे तट उभारले. आज दिसतात ते तट तोकुगावांचे. गाडलेल्या मूळ तटाचा काही भाग उकरून २०२५ पासून दाखवण्यासाठी खुला केला आहे. मधला मनोरा मात्र १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून काँक्रीटमध्ये बांधलेला आहे आणि आत लिफ्ट आहे. रांग लांब असेल तर मनोऱ्यात नाही गेले तरी चालते. खरा पाहण्याजोगा आहे तो तट: साकुरामोन दारातून आत शिरताच समोर ‘ताको-इशी’ हा सुमारे ५९ चौरस मीटर दर्शनी पृष्ठाचा, शंभर टनांहून जड असा एकसंध दगड उभा आहे. तो सेतो समुद्रातल्या खाणींकडून पाण्यावरून आणला होता. दुर्गभ्रमंतीची सवय असलेल्या वाचकाला मनोऱ्यापेक्षा हे दोन पाण्याने भरलेले खंदक आणि कोपऱ्यांवरची दगडांची आलटून पालटून केलेली जुळणी अधिक बोलकी वाटेल.

तिथून पश्चिमेला नदीच्या मधल्या नाकानोशिमा बेटावर यावे. १९१८ मधले लाल विटांचे सार्वजनिक सभागृह एका शेअर दलालाच्या देणगीतून उभे राहिले. जवळच्याच दोजिमा भागात १७३० मध्ये मान्यता मिळालेला तांदळाचा बाजार होता, जिथे अजून न आलेल्या पिकाचे सौदे चालत. जगातल्या पहिल्या वायदे बाजारांत त्याची गणना होते.

दुपारपासून तेन्जिन्बाशिसुजी. सुमारे २.६ किलोमीटर लांबीची ही छताखालची बाजारपेठ पावसात किंवा उन्हात फिरायला उत्तम आहे. चहा, चाकू, जुनी पुस्तके, तळलेले बटाट्याचे कोरोक्के, सायकलवरून येणाऱ्या आज्या. इथे पर्यटकांसाठी मुद्दाम मांडलेले फारसे काही नाही, आणि म्हणूनच हा रस्ता या शहरातला माझा सर्वांत आवडता आहे. दक्षिण टोकाशी तेन्मानगू हे विद्यादेवतेचे देवस्थान आहे. त्याची यात्रा, तेन्जिन मात्सुरी, दरवर्षी २४ आणि २५ जुलैला भरते आणि २५ च्या संध्याकाळी नदीवर शंभरेक नावांची मिरवणूक निघते. उत्तर टोकाशी, सहाव्या भागात, निवास संग्रहालय आहे. त्याच्या आत १८३० च्या दशकातल्या ओसाकाची एक पूर्ण गल्ली उभारलेली आहे: औषधाचे दुकान, सार्वजनिक स्नानगृह, कौलारू घरे, आणि दिवस-रात्र पालटणारा उजेड. मंगळवारी ते बंद असते.

सूर्यास्ताला उमेदा स्काय इमारतीच्या १७३ मीटर उंचीवरच्या उघड्या गच्चीवर जावे. १९९३ मध्ये पूर्ण झालेले हे दोन जुळे मनोरे वर एकमेकांना जोडलेले आहेत आणि शेवटचा टप्पा दोहोंमधल्या रिकाम्या जागेतून जाणाऱ्या सरकत्या जिन्याने चढावा लागतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी आधीच विचार करावा. रात्रीचे जेवण तेन्मा स्थानकाभोवतालच्या गल्ल्यांत घ्यावे. तिथल्या कित्येक दुकानांत खुर्च्या नसतात, काउंटरला टेकून उभ्यानेच खातात. कुटुंबासह असाल तर सातच्या आत जावे. नंतर कचेऱ्या सुटलेल्या मंडळींची गर्दी आणि सिगारेटचा धूर वाढत जातो.

तिसरा दिवस : दक्षिणेचे टोक

तेन्नोजीजवळचे शितेन्नोजी मंदिर राजपुत्र शोतोकुने ५९३ मध्ये स्थापन केले असे मानले जाते. आगीत आणि युद्धात ते वारंवार नष्ट झाले; आजच्या मुख्य इमारती १९६३ मधल्या काँक्रीटच्या आहेत, पण मांडणी प्राचीन आहे. ज्या चार दिक्पालांच्या नावाने ते आहे ते धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण. दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला अंगणात जुना बाजार भरतो. जुने किमोनो, चिनी मातीच्या बशा, घड्याळे, खेळणी; शक्य असेल तर सहलीचा हा दिवस त्या तारखेवर आणावा.

तेन्नोजीवरून हानकाई ट्राम सुटते. शहरात उरलेला हा एकमेव ट्राममार्ग घरांच्या परसदारांमधून खडखडत सुमियोशी ताइशा देवस्थानाच्या दारात सोडतो. तिथला उंच कमानीचा लाल पूल चढताना पायऱ्या फार तीव्र आहेत. उतरताना कठडा धरावा. बौद्ध वास्तुशैली येण्यापूर्वीची, सरळ रेषेतल्या छपरांची बांधणी इथे दिसते. वेळ असेल तर ट्राममध्ये पुन्हा बसून साकाई शहरात जावे, जिथे ४८६ मीटर लांबीचा दाइसेन कोफुन हा पाचव्या शतकातला प्रचंड समाधी-टेकाड आहे. परिसरातल्या इतर टेकाडांसह त्याला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जमिनीवरून तिथे फक्त झाडी दिसते आणि पुष्कळ जण हिरमुसतात. साकाई नगरपालिकेच्या इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावरून, विनामूल्य, निदान त्याच्या विस्ताराची कल्पना येते. साकाईचे स्वयंपाकाचे चाकू प्रसिद्ध आहेत. घेतले तर विमानात चेक-इन सामानातच ठेवावेत.

संध्याकाळी शिनसेकाई. १९१२ मध्ये पॅरिसची नक्कल करून वसवलेली ही करमणुकीची पेठ. तिचा त्सुतेन्काकु मनोरा युद्धकाळात पाडला गेला आणि आजचा मनोरा १९५६ मधला आहे. त्याच्या टोकावरचे दिवे उद्याची हवा सांगतात: पांढरे म्हणजे स्वच्छ, नारिंगी म्हणजे ढगाळ, निळे म्हणजे पाऊस. इथले खाणे कुशिकात्सु, म्हणजे काडीला टोचून पाव-चुऱ्यात घोळून तळलेले जिन्नस. समोरच्या सामाईक भांड्यातल्या पातळ सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची. चावलेली काडी पुन्हा बुडवणे हा इथला एकमेव अक्षम्य गुन्हा. आणखी सॉस हवा असेल तर फुकट मिळणाऱ्या कोबीच्या पानाने तो उचलावा. महासाथीनंतर अनेक दुकानांनी भांडे काढून बाटल्या ठेवल्या आहेत, त्यामुळे आधी टेबल पाहावे. रिकाम्या काड्या नळकांड्यात टाकाव्यात. बिल त्या मोजून होते. शेजारच्या जानजान गल्लीत म्हातारी मंडळी शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, पट मांडून बसलेली असतात. काचेबाहेरून पाहायला कुणाची हरकत नसते, फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नये.

चौथा दिवस मिळाला तर : कोयासान

नाम्बाहून नानकाईची गाडी डोंगरांतून गोकुराकुबाशीपर्यंत दीड तासात नेते. पुढे केबल कारने पाच मिनिटे आणि मग बस. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने इथे शिंगोन या बौद्ध पंथाचे पीठ स्थापन केले आणि आजही पन्नासेक मंदिरे यात्रेकरूंना मुक्कामाला ठेवून घेतात. शाकाहारी वाचकाने तीन दिवस ओसाकात दाशी चुकवत काढले असतील तर इथे निर्धास्त जेवावे: शोजिन र्योरी या मठातल्या जेवणात मांस, मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो, आणि अर्क कोम्बूचा व शिताके अळंबीचा असतो. तिळाचा गोमादोफू आणि गोठवून वाळवलेला कोयादोफू हे इथले खास पदार्थ. कंदमुळे मात्र असतात, तेव्हा जैनांनी खोली राखून ठेवतानाच कळवावे.

ओकुनोइनच्या दोन किलोमीटर वाटेवर उंच देवदारांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यांतल्या पाच टप्प्यांच्या दगडी खांबांवर सिद्धम् लिपीतली ख, ह, र, व, अ ही पाच संस्कृत अक्षरे वरून खाली कोरलेली दिसतील. ही लिपी ब्राह्मीच्याच कुळातली आहे, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला थोडे निरखल्यावर एखादे अक्षर ओळखू येते. हे ठिकाण ज्या वाकायामा प्रांतात आहे त्याचा महाराष्ट्र शासनाशी २०१३ मध्ये सहकार्य करार झाला आणि त्यातूनच कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा २०१५ मध्ये उभा राहिला. विद्यापीठ गावातल्या मुख्य रस्त्यालगतच आहे.

मंदिरातले रात्रीचे जेवण साडेपाच-सहाला वाढतात आणि उशीर चालत नाही, म्हणून नाम्बाहून दुपारी बाराच्या आत निघावे आणि मोठी बॅग ओसाकाच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरतेच सामान न्यावे. सकाळची प्रार्थना सहाच्या सुमारास असते, त्यानंतर नाश्ता. त्याच दिवशीचे विमान असेल तर मात्र बॅग बरोबरच न्यावी, म्हणजे परतताना नाम्बापर्यंत जावे लागत नाही. तेन्गाचाया स्थानकावर उतरून विमानतळाची गाडी पकडता येते.